शेड नंतर, आधी स्किन!

ब्लश घ्यायला दुकानात गेलात की पहिला हात कुठे जातो? शेडकडे. पीच घेऊ, रोझ घेऊ, की रीलमधल्या त्या मुलीने लावलेला बेरी? मनगटावर चार रेघा ओढायच्या, एक आवडली की पैसे देऊन मोकळं व्हायचं. मीही हेच केलं होतं. मावसबहिणीचं लग्न, डिसेंबर महिना, नागपूर. मुंबईत छान दिसणारा माझा पावडर ब्लश तिथल्या कोरड्या थंडीत गालांवर खडूसारखा बसला. त्वचा सोलवटलेली, तिच्या कडेकडेने रंग साचलेला, आणि ते सगळं अल्बममध्ये कायमचं छापून आलं. शेड बरोबर होती हो, फॉर्म्युला चुकला.

म्हणून आधी आपली स्किन ओळखा. चेहरा साध्या फेसवॉशने धुवा, टिपा आणि अर्धा तास काहीही लावू नका. मॉइश्चरायझरसुद्धा नाही. मग कपाळ, नाक आणि गालांवर वेगवेगळे टिश्यू दाबून बघा. सगळ्यांवर तेलाचे डाग असतील तर स्किन ऑयली. एकही डाग नाही, वर चेहरा ओढल्यासारखा वाटतोय, तर ड्राय. फक्त नाक-कपाळ तेलकट असेल तर कॉम्बिनेशन. पण ब्लश लागणार गालांवर, त्यामुळे गालाचा टिश्यू काय सांगतो तेच खरं. नाक कितीही चमकू दे!

गाल तेलकट असतील तर पावडर ब्लश घ्या, तोही मॅट. त्यातली पावडर वरचं तेल शोषून घेते. क्रीम ब्लशमध्ये मुळातच तेल आणि मेण असतं. त्यात मे महिन्यातला घाम मिसळला की विरारला लावलेला रंग चर्चगेटपर्यंत हनुवटीकडे निघालेला असतो. शिमरवाला ब्लशही टाळा, पोअर्स आणि पिंपल्सचे खड्डे जास्त उठून दिसतात. पिंपल्स येत असतील तर लेबलवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ शोधा आणि ब्रश आठवड्यातून एकदा तरी धुवा. (शेवटचा कधी धुतला होता, आठवतंय?)

ड्राय स्किनला क्रीमच हवा. आधी मॉइश्चरायझर, ते मुरलं की बोटाच्या उबेने हलक्या हाताने थोपटत लावा. घासू नका. लिक्विड किंवा जेल टिंट हे जरा घाईचं काम आहे. तो झटकन वाळतो, त्यामुळे कोरड्या गालावर ठिपका तसाच उमटून राहतो. तेलकट गालांना मात्र पावसाळ्यात हाच सोयीचा. एक गाल पूर्ण करा, मगच दुसऱ्याकडे वळा.

आणि पावडरवर क्रीम कधीच नको, गोळे होतात. क्रीम आधी, पावडर नंतर.

‘लिपस्टिकच लाव की गालाला,’ असं आई म्हणतेच. कोरड्या गालांवर खपून जातं. तेलकट, पिंपल्सवाल्या स्किनवर तो मेणाचा थर नकोच. सावळ्या रंगावर फिकट बेबी पिंक राखाडी दिसतो, तिथे विटकरी, प्लम, गडद कोरल मस्त खुलतात. शुद्ध शाकाहारी असाल तर लेबलवर ‘कारमाइन’ किंवा ‘सीआय ७५४७०’ आहे का बघा. तो लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात.

दुकानातला टेस्टर थेट गालावर नको, किती जणींची बोटं त्यात बुडली असतील कोण जाणे! मनगटाच्या आत लावा, बाहेर उन्हात या, चहा घ्या आणि तासाभराने पुन्हा बघा. सरकला, फाटला, खाज आली, तर डबी दुकानातच राहू द्या.

माझ्याकडे आता दोन ब्लश आहेत. मुंबईसाठी पावडर, नागपूरसाठी क्रीम. दोन्ही मिनी साइझ, कारण ब्लशची अख्खी डबी संपवलेली मुलगी मी अजून पाहिलेली नाही.