खुर्चीतून उठलं की पडदा काळा

काम चालू असताना संगणकाचा पडदा अचानक काळा होतो आणि दोन-तीन सेकंदांत परत उजळतो. अशा वेळी आधी कान द्या. गाणं वाजत राहिलं, तर संगणक शाबूत आहे, अडलंय ते फक्त चित्र. मग केबल तपासा. एचडीएमआय केबलमधून सेकंदाला अब्जावधी बिट धावतात. जोड जरा सैल असला तरी मॉनिटरचा ताळमेळ सुटतो, आणि तो पुन्हा जुळेपर्यंत अंधार.

सगळ्यात गमतीचा गुन्हेगार म्हणजे खुर्ची! गॅसच्या नळकांड्यावर वर-खाली होणाऱ्या खुर्चीतून माणूस उठला की स्थिर विजेची ठिणगी उडू शकते. तिच्या विद्युतचुंबकीय लहरी केबल अँटेनासारखी टिपते. डिस्प्लेलिंक कंपनीने ग्राहकांसाठीच्या माहितीत हे कारण चक्क नोंदवलं आहे. कोरड्या हवेत हा प्रकार वाढतो. चांगलं आवरण असलेली आखूड केबल बहुधा पुरते.

आवाजही गेला, पंखे घरघरू लागले, तर संशय ग्राफिक्स कार्डावर किंवा पॉवर सप्लायवर. चित्र परतलंच नाही तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघड्या फायली तशाच राहतात. दुकानदार नवा मॉनिटर सुचवेल. आधी शेजाऱ्याची केबल लावून पाहा.