ठेकेदार हटत का नाही?

जबलपूरच्या घमापूरसारख्या दाट वस्तीतून मंडला-डिंडोरीचे जंगल फार लांबचे वाटते, पण या शहराचा एक मोठा धंदा त्याच जंगलावर उभा राहिला. जबलपूर हे विड्यांचे गाव. मोहनलाल हरगोविंददास यांची शेर विडी इथलीच. विडीला लागणारे तेंदूचे पान आसपासच्या जंगलांतून येई, आणि ते तोडणारा आदिवासी व विडीचा कारखानदार यांच्या मधोमध ठेकेदार असे. त्याला बाजूला सारण्यासाठी साठ वर्षे कायदे होत आहेत. तरी तो या ना त्या रूपात टिकून आहे. याचे सगळे खापर त्याच्या लबाडीवर फोडणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. तो टिकतो, कारण त्याच्याकडे असलेली जोखीम उचलायला दुसरे कुणी सहसा पुढे येत नाही.

ही जोखीम फडावर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या ठिकाणी, दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपे छाटतात आणि साधारण दीड महिन्याने नवे पान तोडणीला येते. पहाटे तोडणी, दुपारी घरी बसून पन्नास-पन्नास पानांचे पुडे बांधणे, संध्याकाळी फडमुन्शीसमोर मोजणी. मध्य प्रदेशात हजार पुड्यांचे, म्हणजे ५०,००० पानांचे, एक मानक पोते धरतात. पुडे रांगेने उन्हात वाळवतात, उलटतात, मग पाणी शिंपडून मऊ करून पोती भरतात. मधेच वळवाचा पाऊस कोसळला तर माल डागाळतो. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. मजुरी तेव्हाच हवी, आणि पानाची विडी होऊन पैसा हाती यायला महिने लागतात. एवढा काळ रोकड, गोदाम आणि नुकसानीची भीती सांभाळणे हेच ठेकेदाराचे खरे काम. त्याची किंमत तो मजुरीत काटछाट करून आणि 'खराब' म्हणून पुडे नाकारून वसूल करी.

मध्य प्रदेशाने १९६४ मध्ये कायदा करून तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या हाती घेतला. महाराष्ट्राने १९६९ मध्ये तसाच कायदा केला. मध्य प्रदेशात सुरुवातीला संकलनासाठी एजंट नेमले गेले, म्हणजे मालकी बदलली आणि मधला माणूस राहिलाच. १९८४ मध्ये राज्य लघु वनोपज संघ आला, १९८८-८९ पासून संकलन प्राथमिक सहकारी समित्यांकडे गेले. यावर कुणी म्हणेल, मग प्रश्न सुटलाच की! मजुरीचा दर सरकार ठरवते, नफ्यातून बोनस मिळतो. हा बदल मोठाच आहे. पुडे नाकारण्याची मनमानी त्याने बरीच मोडली. पण पुढे पान तोडण्याआधीच निविदेने विकण्याची पद्धत आली, आणि तिथे बोली लावणारा पुन्हा व्यापारीच. भाव पडल्यावर त्याने पाठ फिरवली, तर समितीचे पोते गोदामात पडून राहते.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: गावाकडे भांडवल नाही, तेव्हा हा व्यवहार गावाच्या आवाक्यातला नाही. याचे उत्तर गडचिरोलीने दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि तेंदूपत्ता गौण वनोपज, म्हणजे गावाच्या हक्काचे, ठरले. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला ज्या भागातला बांबू वर्षानुवर्षे सरकारी कराराने जाई, तिथल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेने २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकला. नंतर अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याच्याही निविदा काढू लागल्या. ठेकेदार इथेही आहे, पण अटी ग्रामसभा घालते. अर्थात बाजारातले चढउतार तिलाही चुकत नाहीत: २०१७ मध्ये तेंदूपत्त्यावर १८ आणि विडीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर बसला, आणि अशा वाढीव खर्चाचा भार अखेर पानाच्या दरावरच येतो.

म्हणून ठेकेदार असावा की नसावा, या वादात अडकण्यात अर्थ नाही. हंगामापुरते स्वस्त कर्ज, ग्रामसभांचे एकत्रित गोदाम आणि बोलीच्या रकमेची आगाऊ अनामत, एवढे मिळाले तर जोखमीचा मोठा वाटा गाव स्वतः पेलू शकते. मग ठेकेदार उरला तरी एक गिऱ्हाईक म्हणून उरेल, आणि गिऱ्हाइकाला नकार देता येतो.