पैज जिंकतात टेबलावर, ठरते टेबलाबाहेर

पूलवर पैसे लावून खेळणारा म्हटलं की ‘द हसलर’ (१९६१) मधला पॉल न्यूमन आठवतो. दारू चढल्याचं सोंग करून तो बारमधल्या लोकांना गंडवतो. निष्णात खेळाडू आपला खेळ लपवूनच पैसे कमावतात, हा समज तिथूनच घट्ट झाला. अनोळखी ठिकाणी असं घडतं, आणि ती सरळ लबाडी आहे. पण तोडीस तोड खेळाडूंमध्ये कोण किती पाण्यात आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच चित्रपटातला मुख्य सामना, न्यूमनचा एडी विरुद्ध मिनेसोटा फॅट्स, उघड पैजेचा आहे. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस १९८५ मध्ये अमेरिकेत आला तो सेझार मोरालेस या नावानं. त्यानं खेळ लपवला नाही, नाव लपवलं. ह्यूस्टनमधली स्पर्धा त्यानं याच नावानं जिंकली. खरं नाव कळलं असतं, तर त्याच्यासमोर पैसे लावायला कोण उभं राहिलं असतं?

मग बलाढ्य खेळाडूशी कोणी पैज का लावतो? कारण सूट मिळते. नाइनबॉलमध्ये नऊचा बॉल पॉकेट करणारा रॅक, म्हणजे एक डाव, जिंकतो. दुबळ्याला ‘आठची सूट’ दिली, तर त्याला आठचा बॉल घालूनही रॅक मिळते. कुणाला ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, कायमचा देतात, कुणाला सुरुवातीलाच दोन-तीन रॅक्स बहाल करतात. ही सूट म्हणजे दया नव्हे. तिच्यासाठी तासन् तास घासाघीस चालते, आणि पुष्कळदा पैजेचा निकाल तिथेच लागतो. स्वतःचा आणि समोरच्याचा खेळ अचूक जोखणं हे वेगळं कसब आहे. मला तर ते एखाद्या अवघड बँक शॉटइतकंच मोलाचं वाटतं. सूट चुकली, की सुंदर खेळूनही खिसा रिकामा.

‘पैजेत सारा नशिबाचा खेळ’ हेही खरं नाही. समजा, एका खेळाडूची प्रत्येक रॅक जिंकण्याची शक्यता ५५ टक्के आहे. आधी ९ रॅक्स जिंकण्याची शर्यत असेल, तर तो जिंकण्याची शक्यता साधारण ६६ टक्के. तीच शर्यत १०० रॅक्सची केली, तर ९० टक्क्यांच्या वर. म्हणूनच जाणकार लांब सामने ठरवतात. १९९६ मध्ये हाँगकाँगला रेयेस आणि अर्ल स्ट्रिकलँड १२० रॅक्सच्या शर्यतीत भिडले. एक लाख डॉलर, सगळे विजेत्याचे. तीन दिवसांनी रेयेस १२०–११७ ने जिंकला. इतक्या लांब शर्यतीतही तीनच रॅक्सचं अंतर राहिलं, यावरून दोघांची तोड कळावी.

मोठ्या पैजेतले पैसे खेळाडूचेच असतात, असंही नाही. बरेचदा मागे पैसे लावणारा असतो. हरलं तर नुकसान त्याचं, जिंकलं तर खेळाडूला ठरलेला वाटा. त्यामुळे ऐकू येणारा आकडा म्हणजे खेळाडूची कमाई समजू नये.

राहिला शेवटचा समज: पैजेवर खेळणारे वेगळे, स्पर्धा जिंकणारे वेगळे. पैजेवर खेळणाऱ्या रुडॉल्फ वाँडरोननं ‘द हसलर’नंतर ‘मिनेसोटा फॅट्स’ हे नाव स्वतःला लावलं, पण मोठी स्पर्धा त्यानं कधी जिंकली नाही. १९७८ मध्ये टीव्हीवरच्या सामन्यात स्पर्धा जिंकणाऱ्या विली मॉस्कोनीनं त्याला हरवलं. मॉस्कोनीनं १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला सलग ५२६ बॉल पॉकेट केले होते, आणि पैजेवर जगणाऱ्यांशी आपलं नाव जोडलेलं त्याला मुळीच खपत नसे. एवढ्यावर समज पक्का होतो. पण इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटीला १९६१ पासून जॅन्स्को बंधूंनी भरवलेल्या स्पर्धांत हे दोन गट एकाच छपराखाली आले: स्पर्धेचे सामने संपले, की पैजांचे सुरू. तिथे नाव गाजवलेला लूथर लॅसिटर तरुणपणी पैजांवरच पोट भरत असे. पुढे १९६० च्या दशकात त्यानं जागतिक विजेतेपदंही मिळवली.