मोजणी जुळेपर्यंत

बोरीवली पश्चिमेच्या जांबळी गल्लीत आणि एल. टी. रोडवर रात्री दुकानांची शटर्स खाली येण्यापूर्वी एक काम ठरलेले असते. गल्ला मोजायचा, रोजमेळ लिहायचा, शिल्लक ताडून पाहायची. दहा रुपयांचा फरक आला तरी वही पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासली जाते. व्यापारी घरातल्या मुलांना हा संस्कार शाळेच्या आधी मिळतो. हाच संस्कार ज्या खोलीत एखाद्याच्या प्राणाशी जोडलेला असतो, ती खोली म्हणजे रुग्णालयाचे शस्त्रक्रियागृह. आणि तेथील हिशेब जिच्याकडे असतो ती परिचारिका.

मंडपेश्वर मार्गावरील महापालिकेच्या हरिलाल भगवती रुग्णालयामुळे बोरीवलीकरांच्या कित्येक पिढ्यांना शस्त्रक्रियागृहाचे दार ठाऊक आहे. पुढे खासगी रुग्णालये वाढली, नर्सिंग होम तर गल्लोगल्ली झाली. त्या दारावरच्या लाल दिव्याखाली नातेवाईक तासन्‌तास बसतात. आत काय चालते, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते.

दोन परिचारिका, दोन कामे

शस्त्रक्रियेच्या वेळी आत सहसा दोन परिचारिका असतात. एक ‘स्क्रब सिस्टर’. ती कोपरापर्यंत हात काही मिनिटे शास्त्रोक्त धुते, निर्जंतुक गाऊन व हातमोजे चढवते आणि शल्यचिकित्सकाशेजारी उभी राहते. यानंतर निर्जंतुक क्षेत्राबाहेरच्या कोणत्याही वस्तूला तिचा स्पर्श होत नाही. दुसरी ‘फ्लोअर सिस्टर’. ती बाहेरून साहित्य पुरवते, यंत्रे लावते, नोंदी ठेवते. पहिलीचे हात जे करू शकत नाहीत ते सारे दुसरी करते.

रुग्ण येण्याच्या कितीतरी आधी काम सुरू झालेले असते. अवजारे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसच्या दाबयुक्त वाफेत किमान पंधरा मिनिटे, किंवा १३४ अंशांवर त्याहून कमी वेळ ठेवतात. गठ्ठ्यावरील पट्टीचा रंग बदलला नसेल, गठ्ठा ओला असेल किंवा कापड फाटलेले असेल, तर तो बाजूला जातो. त्या बाबतीत तडजोड नसते.

अनुभवी स्क्रब सिस्टर शस्त्रक्रियेच्या एक पायरी पुढे असते. शल्यचिकित्सकाचा हात पुढे येतो आणि आर्टरी फोर्सेप्स त्याच्या तळव्यावर नेमके टेकते. टोक कोणीकडे, मूठ कोणीकडे, हे पाहावेही लागत नाही. ब्लेड व सुईसारखी धारदार वस्तू मात्र बहुधा किडनी ट्रेमधून दिली-घेतली जाते, म्हणजे कोणाच्या हाताला इजा होत नाही.

जगाने तिच्या हातांकडून घेतलेली देणगी

आज प्रत्येक शस्त्रक्रियेत अनिवार्य असलेले रबरी हातमोजे मूळात एका परिचारिकेसाठी बनले. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले. तेथील शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशक द्रावणामुळे चट्टे उठू लागले. शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. पुढे १८९० मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. हातमोजे परिचारिकेच्या त्वचेसाठी आले. त्यांच्यामुळे जखमेतील जंतुसंसर्गही कमी होतो, हे नंतर लक्षात आले आणि मग साऱ्यांनीच ते वापरात आणले.

त्याच काळात मुंबईतही नवी वाट तयार होत होती. १८९१ मध्ये येथे परिचर्येचे शिक्षण घेण्यास आलेल्या बाई काशीबाई गणपत यांची नोंद परिचर्येच्या इतिहासात पहिली भारतीय परिचारिका-विद्यार्थिनी म्हणून केली जाते. उच्चवर्णीय घरातील स्त्रीने परक्या रुग्णाला स्पर्श करणे ज्या समाजाला रुचत नव्हते, त्या समाजात हे पाऊल साधे नव्हते.

हिशेबाची जबाबदारी

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत रक्त टिपण्यासाठी कापसाच्या जाळीचे अनेक गॉज व मॉप लागतात. रक्ताने भिजलेला गॉज आतील भागांसारखाच दिसतो, आणि तोच खरा धोका आहे. म्हणून गॉज ठरावीक संख्येच्या जुडीत येतात आणि त्यांत क्ष-किरणांत दिसणारा धागा विणलेला असतो. छेद घेण्यापूर्वी दोन्ही परिचारिका मोठ्याने मोजतात, फ्लोअर सिस्टर फळ्यावर आकडा लिहिते. मध्ये नवी जुडी उघडली की आकडा वाढतो. पोकळी बंद करण्यापूर्वी पुन्हा मोजणी, त्वचा शिवताना आणखी एकदा. सुया, ब्लेड, अवजारे यांचाही हाच नियम.

मोजणी जुळली नाही, तर? तर सर्व थांबते. जखमेत, चादरींच्या घड्यांत, जमिनीवर, कचऱ्याच्या पिशव्यांत शोध होतो. तरीही वस्तू सापडली नाही तर जागेवरच क्ष-किरण काढतात. शरीरात राहिलेल्या गॉजभोवती तयार होणाऱ्या गाठीला वैद्यकात ‘गॉसिपिबोमा’ असे नाव आहे. त्यातून पू होणे, वेदना आणि दुसरी शस्त्रक्रिया ओढवते.

येथेच या व्यवसायाची कसोटी आहे. रात्रीचे दोन वाजलेले, शल्यचिकित्सक थकलेले, भूलतज्ज्ञांना रुग्णाला लवकर शुद्धीवर आणायचे आहे, आणि खोलीतल्या सर्वांत धाकट्या सिस्टरला म्हणायचे आहे, “सर, एक गॉज कमी आहे.” वरिष्ठ म्हणतात, “नीट मोजा, तुमचीच चूक असेल.” ती पुन्हा मोजते आणि पुन्हा तेच सांगते. या वाक्याला जितके धैर्य लागते, तितके अवजारे हाताळण्यास लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी-यादी जाहीर केली, तिच्यामागे हाच विचार आहे. भूल देण्यापूर्वी, छेदापूर्वी आणि रुग्ण बाहेर जाण्यापूर्वी अशा तीन वेळा ती वाचली जाते. छेदापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगायचे असते, कारण एकदा बोललेला माणूस पुढे धोका दिसल्यावरही बोलतो. शेवटच्या टप्प्यात मोजणी पूर्ण झाल्याचे परिचारिकेने तोंडी सांगायचे असते. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आले.

कुटुंबाने आधी सांगावे असे काही

भूल देण्यापूर्वी घन आहार साधारण सहा तास आणि पाणी दोन तास आधी बंद करतात. चौविहार पाळणाऱ्यांना हे कठीण जात नाही. परंतु अठ्ठाई, आयंबील किंवा वर्षीतप चालू असेल, तर ते आधीच सांगितले पाहिजे. दीर्घ उपवासाने रक्तातील साखर व क्षार बदललेले असतात, आणि भूलतज्ज्ञांना त्याचा हिशेब ठेवावा लागतो. मधुमेहाच्या व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही तसेच.

टाक्यांच्या धाग्याचाही प्रश्न अनेकांच्या मनात असतो. कॅटगट हा विरघळणारा धागा मेंढ्या किंवा गुरांच्या आतड्यापासून बनतो, आणि रेशमी धागा रेशीमकिड्यांच्या कोशापासून. आज प्रयोगशाळेत तयार झालेले विरघळणारे धागे व नायलॉनही उपलब्ध आहेत. रक्तस्राव थांबवणारे काही स्पंज जिलेटिनचे असतात. ज्यांना याविषयी आग्रह आहे त्यांनी दाखल होतानाच शल्यचिकित्सकांना व सिस्टरना सांगावे. टेबलावर घेतल्यानंतर तो विषय काढण्यात अर्थ नसतो. तातडीच्या प्रसंगी निर्णय वैद्यकाचाच राहतो.

घरातील मुलीने हे काम करावे काय?

रक्त, मांस, रात्रपाळी आणि परक्या माणसांची शुश्रूषा, या चार शब्दांवर कित्येक व्यापारी घरांतली चर्चा संपते. परंतु रुग्णाची सेवा, म्हणजेच वैयावृत्त्य, हे जैन परंपरेने सहा आभ्यंतर तपांत मोजले आहे. तपाला कष्ट असतात, तसे या कामालाही आहेत. सलग चार-पाच तास उभे राहणे, पायांच्या शिरा फुगणे, क्ष-किरण यंत्रासमोर जड शिशाचा अंगरखा, जेवणाची वेळ नसणे.

जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. नंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी. पदवीसाठी बारावी विज्ञान लागते. शस्त्रक्रियागृहातील खरे शिक्षण मात्र वरिष्ठ सिस्टरच्या शेजारी उभे राहूनच होते.

रुग्ण घरी जातो त्या दिवशी पेढ्यांचा डबा डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचतो. त्यात वावगे काही नाही. ज्या सिस्टरने मोजणी केली तिचा चेहराही रुग्णाने पाहिलेला नसतो, कारण तो झोपलेला होता. त्याच्या कागदपत्रांत एक मोजणीचे पत्रक मात्र असते. त्यावर आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा सारखाच असतो, आणि खाली तिची सही असते.