खुबा खचण्याआधी एमआरआय काय सांगतो?

रापण ओढून आलेल्या माणसाची जांघ दुखू लागली, तर मालवणच्या किनाऱ्यावर कुणालाही त्यात नवल वाटत नाही. उसण भरली असेल, असे म्हणून तेल चोळले जाते. क्ष-किरण चित्र काढले, तर तेही निर्दोष येते आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. परंतु वाचकहो, दुखणे काही आठवडे हटत नसेल, मांडी घालून बसणे जड जात असेल किंवा पाय लंगडत असेल, तर ही निश्चिंती महागात पडू शकते.

हाड मरते म्हणजे काय?

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. त्याचा रक्तपुरवठा मोजक्या बारीक वाहिन्यांवर अवलंबून असतो. तो तुटला की हाडाचा तेवढा भाग मृत होतो. यालाच ‘अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’ म्हणतात. वाळवीने वासे पोखरले तरी कौलारू छप्पर काही काळ जागेवर राहते, तसाच हा गोलही प्रारंभी आकार टिकवून असतो. पुढे देहाच्या भाराखाली तो खचतो आणि सांधा झिजू लागतो.

खुब्याला झालेली मोठी इजा, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स, अतिमद्यपान आणि सिकलसेल ही याची प्रमुख कारणे होत. वर्षानुवर्षे खोल पाण्यात दाबाखालील हवा घेऊन काम करणाऱ्या पाणबुड्यांनाही हा विकार जडतो. तारकर्लीला हौसेखातर एखादी उथळ बुडी मारणाऱ्याने मात्र धास्ती घेऊ नये.

२०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कोविडनंतर हा विकार झालेल्या तीन तरुण रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांतच त्यांना त्रास सुरू झाला होता. एरवी स्टिरॉइडनंतर यास सहा महिने ते वर्ष लागते. अशा वेळी लवकर केलेला एमआरआय निर्णायक ठरतो.

आकार आणि जागा

क्ष-किरणांत दिसण्यापूर्वीच एमआरआय मृत भागाची सीमा दाखवतो. पण ‘विकार आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. तो भाग किती मोठा आहे आणि भार पेलणाऱ्या जागी आहे का, यावर गोल खचण्याची शक्यता ठरते.

यासाठी ‘केर्बुल कोन’ मोजतात. गोलाच्या मध्यावरील दोन छेद घेतात, एक समोरून दिसणारा व दुसरा बाजूने दिसणारा. मृत भागाने व्यापलेल्या कंसाचा कोन दोन्हींत मोजून बेरीज करतात. दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी २००६ मध्ये ३७ सांध्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बेरीज १९० अंशांपर्यंत असलेला एकही सांधा खचला नाही. २४० अंशांहून अधिक असलेले सर्व खचले. मधल्या गटातील निम्मे खचले. संख्या लहान असल्याने हे आकडे म्हणजे ललाटलेख नव्हे, पण दिशा स्पष्ट आहे. गोलाभोवती हाडाच्या मगजात सूज दिसली, तर तोही सावधानतेचा इशारा समजावा.

आपण काय करावे?

एमआरआयसाठी सिंधुदुर्गातून बांबोळी वा कोल्हापूर गाठावे लागले, तर एका फेरीतच पूर्ण माहिती मिळवावी. तपासणी दोन्ही खुब्यांची करून घ्यावी. कारण इजेशिवाय झालेला हा विकार पुष्कळदा दोन्ही बाजूंस असतो आणि दुसरी बाजू दुखत नसतानाही बाधित असू शकते. शरीरात पेसमेकर वा धातू असल्यास आधी सांगावे. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: मृत भाग किती मोठा आहे? तो भार पेलणाऱ्या जागी आहे का? गोल अजून शाबूत आहे का?

लहान भाग असल्यास कधी केवळ लक्ष ठेवणे पुरते. गोल शाबूत असेल, तर हाडाला छिद्र पाडून आतील दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते. खचल्यावर मात्र बहुधा सांधेरोपणाचाच मार्ग उरतो. स्टिरॉइड चालू असल्यास ती मनाने बंद करू नयेत. तेही धोक्याचे असते.

छप्पर कोसळल्यावर वासे तपासण्यात अर्थ नसतो. म्हणून जांघेचे दुखणे रेंगाळले, की केवळ तेलावर विसंबू नका.