ऐंशी रकान्यांची ओळ

लेखांक सातवा

आमच्या फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी, आईचं इन्सुलिनचं पेन असतं. मागच्या लेखांकात आपण जनुकांच्या अक्षरमाळा साठवणारी जेनबँक पाहिली. त्यावर एका वाचकाने विचारलंय: अक्षरं साठवता येतात हे कळलं, पण प्रथिनाचा आकार कसा साठवणार? तर आज इन्सुलिनचाच आकार उघडून बघू.

खोलीत लटकणाऱ्या बल्बची जागा सांगायला तीन आकडे पुरतात: या भिंतीपासून किती, त्या भिंतीपासून किती, जमिनीपासून किती. प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे पीडीबीत, प्रत्येक अणूची जागा अशीच तीन आकड्यांत लिहिलेली असते. मोजमाप अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. हे खातं कोणालाही उघडता येतं, फुकट, नावही न नोंदवता.

इन्सुलिनच्या एका जुन्या नोंदीचा क्रमांक आहे ‘४आयएनएस’. हे डुकराचं इन्सुलिन. माणसाच्या इन्सुलिनपेक्षा त्याचा फरक एकाच जागी, अमिनो आम्लांच्या बी साखळीच्या अगदी शेवटी. डोरोथी हॉजकिन यांच्या ऑक्सफर्डच्या गटाने १९६९ मध्ये ही रचना प्रथम उलगडली, आणि अधिक बारकाईने केलेलं काम १९८८ मध्ये छापलं. त्या शोधलेखाच्या लेखकांत एम. विजयन यांचं नाव आहे. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिनांच्या स्फटिकांचा अभ्यास त्यांनीच रुजवला.

फाइल साध्या मजकुराची, नोटपॅडमध्येही उघडते. वरचा भाग सातबाऱ्यासारखा: काम कोणी केलं, कोणत्या पद्धतीने, किती बारकाईने. मग अणूंच्या ओळी सुरू होतात. पहिली वाचू. सुरुवातीला ‘अ‍ॅटम’ हा शब्द, मग अनुक्रमांक १, मग नायट्रोजनचा एन, मग तो ज्या अमिनो आम्लात आहे त्या ग्लायसिनची तीन अक्षरं, साखळी ए, जागा पहिली. त्यापुढे जागेचे ते तीन आकडे, म्हणजे निर्देशक. शेवटी एक आकडा असतो, तो मला फार आवडतो: या अणूची जागा किती धूसर आहे ते त्यावरून कळतं. ‘इथे आहे’ म्हणतानाच ‘थोडा डुलतो हं’ असंही सांगून ठेवलेलं.

आता ओळीची रुंदी मोजा. ऐंशी रकाने. कारण या बँकेची पहिली पासबुकं पुठ्ठ्याची होती. १९७१ च्या जूनमध्ये अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला, स्फटिकांवरून रेणूंचे आकार काढणारे स्फटिकशास्त्रज्ञ जमले होते. प्रथिनांचे निर्देशक एका ठिकाणी राहावेत ही चर्चा तिथे झाली, आणि ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या वॉल्टर हॅमिल्टन यांनी जबाबदारी घेतली. ऑक्टोबरमध्ये घोषणा झाली तेव्हा ठेवी होत्या फक्त सात. त्या काळी माहिती भोकं पाडलेल्या पंच कार्डांवर जाई, एका अणूला एक कार्ड. कार्डावर ऐंशी रकाने, हा आयबीएमचा १९२८ चा साचा. मायोग्लोबिन या एकट्या प्रथिनाला हजारावर कार्डं लागत. गठ्ठा हातातून निसटला की संपलंच!

कार्डं गेली, साचा राहिला. अनुक्रमांकाला पाच रकाने, म्हणजे ९९,९९९ च्या पुढे मोजताच येत नाही. सरकारी फॉर्मात नावाला मोजून चौकोन देतात आणि आडनाव बाहेर सांडतं, तसं रायबोसोमचं झालं. हा अवाढव्य रेणू तुकडे करून वेगवेगळ्या नोंदींत ठेवावा लागे. २०१४ मध्ये मोठ्या रचनांसाठी नवा साचा आला तेव्हा ते तुकडे पुन्हा एकत्र नांदू लागले.

पण तांत्रिक अडचणी सुटतात, माणसांच्या अवघड. एका प्रथिनाचा चांगला स्फटिक मिळवण्यात पोरांची उमेदीची वर्षं जातात. मग ते आकडे स्पर्धकाच्या हातात का द्यायचे? ठेव आपली आणि व्याज त्याला! ऐंशीच्या दशकात कित्येक जण रचनेची देखणी चित्रं छापत आणि निर्देशक कपाटात ठेवत. १९८७ मध्ये येल विद्यापीठाच्या फ्रेड रिचर्ड्स यांनी याविरुद्ध सह्यांची मोहीम चालवली. १९८९ मध्ये स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने नियम आखले, त्यात ठेव वर्षभर बंद ठेवायची मुभा दिली. हळूहळू नियतकालिकांनी दार आवळलं: नोंदीचा क्रमांक नाही, तर लेख नाही. २००८ पासून नुसतं उत्तर चालत नाही, ज्यावरून ते काढलं ती प्रयोगाची मोजमापंही द्यावी लागतात. गणिताच्या मास्तरांचाच नियम: पायऱ्या दाखवा. माझ्या मते या बँकेचा खरा शोध हाच. संगणक कोणीही विकत घेतो.

ठेव तपासायची एक कसोटी आपल्याकडची आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये दाखवलं, की प्रथिनाच्या कण्यातले दोन कोन मनमानी घेता येत नाहीत. बऱ्याच जोड्यांत अणू एकमेकांवर आदळतात. बँक निघायच्या आठ वर्षं आधीचं हे काम. आज पीडीबीत येणाऱ्या प्रत्येक प्रथिनाच्या तपासणी अहवालात या कोनांच्या रामचंद्रन आलेखाची कसोटी असते, आणि किती अमिनो आम्लं त्याच्या मान्य भागाबाहेर पडली ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

२०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं, त्यांत ‘अल्फाफोल्ड’ घडवणारे डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर होते. अक्षरमाळेवरून आकार ओळखणारी ही यंत्रणा शिकली ती याच बँकेतल्या लाखाहून अधिक रचनांवर. बातम्यांत कौतुक झालं यंत्राच्या बुद्धीचं. पाठ्यपुस्तकाचं नाव फारसं कोणी घेतलं नाही.

आता इन्सुलिनच्या फाइलीत खाली या. बी साखळी, अठ्ठाविसावी जागा प्रोलिन, एकोणतिसावी लायसिन. इन्सुलिनचे दोन रेणू एकमेकांना चिकटतात ते साखळीच्या याच टोकाकडे. अशा तीन जोड्या जस्ताभोवती जमून सहाचा गड्डा होतो. टोचल्यावर तो सुटेपर्यंत औषध रक्तात नीट शिरत नाही, म्हणून साधं इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावं लागतं. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या लिस्प्रोमध्ये या दोघांची फक्त अदलाबदल केली आहे: आधी लायसिन, मग प्रोलिन. पकड सैल झाली, गड्डा लवकर सुटू लागला.

आईच्या पेनमध्ये तेच आहे. ताट वाढून झाल्याशिवाय ती टोचून घेत नाही.

(पुढच्या लेखांकात: अनोळखी अक्षरमाळेचे नातेवाईक शोधणारं ‘ब्लास्ट’.)