बोट आपलं, निर्णय कोणाचा?

जळगाव असो की धुळे, संध्याकाळी ओट्यावर चार मुलं मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसलेली दिसतात. लढाईचा गेम रंगात आलेला असतो. आपण विचारतो, ''किती वेळ खेळतोस रे?'' त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे, ''या लढाईत तुला काय ठरवता येतं?''

सापशिडीत फासा ठरवतो. सिनेमात गोळी नायक झाडतो, आपण बघतो. व्हिडिओ गेममध्ये मात्र बटण आपलंच बोट दाबतं. म्हणूनच मुलगा 'त्याने मारलं' म्हणत नाही, 'मी मारलं' म्हणतो. नीतीचा प्रश्न इथे सुरू होतो.

'कॉल ऑफ ड्यूटी' मालिकेतल्या २००९ च्या गेममध्ये एक प्रसंग आहे. खेळणारा हा अतिरेक्यांच्या टोळीत घुसलेला गुप्तहेर. विमानतळावर निरपराध प्रवाशांवर गोळीबार सुरू होतो. त्याने गोळी झाडली नाही तरी चालतं. प्रसंग वगळायचीही मुभा आहे. पण त्याने काहीही केलं तरी कथा बदलत नाही.

२०१२ च्या 'स्पेक ऑप्स : द लाइन'मध्ये उलट आहे. तिथे पांढऱ्या फॉस्फरसचा मारा केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मग धुरातून चालताना कळतं, की जळून मेलेल्यांत आसऱ्याला आलेली साधी माणसं होती. दुसरा मार्गच नव्हता, तर दोष खेळणाऱ्याचा कसा? काही जण म्हणतात, गेम बंद करण्याचा मार्ग होताच. 'हुकूम होता' ही सबब कुठवर चालते, हेच हा गेम विचारतो.

पोलंडमध्ये तयार झालेला 'धिस वॉर ऑफ माइन' (२०१४) सैनिकाऐवजी वेढ्यात अडकलेल्या नागरिकांची गोष्ट सांगतो. त्यामागे साराजेव्होच्या वेढ्याची आठवण आहे. घरात अन्न नाही. मग म्हाताऱ्या जोडप्याचं घर लुटायचं का? लुटलं तर पोट भरतं, पण आपलीच माणसं मनाने खचतात. इथे निर्णय खेळणाऱ्याचा, आणि त्याचं ओझंही त्याचंच.

असा गेम आपल्या सातपुड्यावर निघाला तर? खाज्या नाईक सेंधवा घाटाच्या रखवालीवर, इंग्रजांच्या नोकरीत होते. १८५७ मध्ये ते बंडात उतरले. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला इंग्रज फौजेशी लढाई झाली. त्यात नुसत्या गोळ्या झाडायच्या असतील, तर तो नेमबाजीचा खेळ. पण आधी नोकरी की आपली माणसं, हे ठरवावं लागलं आणि त्याची किंमत शेवटपर्यंत मोजावी लागली, तर तो इतिहास अंगावर येईल.

म्हणून मोबाईल हिसकावण्याआधी मुलाशेजारी घटकाभर बसा. ''किती मारले?'' असं विचारू नका. ''न मारता चाललं असतं का?'' एवढंच विचारा. त्याला उत्तर शोधावं लागलं, तरी पुष्कळ झालं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)